लुना थांबली, मोपेड थांबली नाही

प्रश्न नगरकडच्या एका तरुणाचा आहे. आजोबांची लुना घराच्या मागच्या पडवीत पडून आहे आणि ती त्याला पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. त्याचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. जी गाडी घरोघरी होती, जिचं नावच लोक सगळ्या मोपेडना देत, ती बनवणारी कंपनी दुचाकीच्या धंद्यातून बाहेर कशी काय गेली? माझं आयुष्य टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनांवर गेलं, आता जुन्या मोपेड आणि स्कूटर जशाच्या तशा उभ्या करण्याचं काम करतो. दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी दुसऱ्याचं. गाडी कशासाठी बनली होती हे कळलं की तिच्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही हे आपोआप कळतं.

लुना बनवणारी कायनेटिक इंजिनिअरिंग उभी केली हस्तीमल फिरोदिया यांनी. नगरचं हे फिरोदिया घराणं. त्यांचे बंधू नवलमल फिरोदिया स्वातंत्र्यलढ्यातले, आणि आपल्याकडे ऑटोरिक्षा आणण्यात त्यांचं नाव पहिलं घेतलं जातं. बजाज घराण्याबरोबर त्यांची भागीदारी होती, 1958 मध्ये बजाज टेम्पो त्यातूनच झाली. साठच्या दशकाच्या अखेरीस दोन घराणी वेगळी झाली आणि स्कूटर बजाजांकडे राहिली. तो काळ लायसन्सचा. कोणी काय बनवायचं, वर्षाला किती बनवायचं, हे दिल्लीत ठरायचं. स्कूटर नोंदवली की ताबा मिळायला वर्षानुवर्षं लागत. लग्नात ठरवलेली स्कूटर पोरं शाळेत जायला लागल्यावर आली, असं लोक सांगत. म्हणजे एका बाजूला सायकल, दुसऱ्या बाजूला न मिळणारी स्कूटर, आणि मधली सगळी जागा मोकळी.

त्या जागेत 1972 साली लुना आली. मूळ गाडी इटलीच्या पियाजिओची चाओ, 1967 सालची. तिच्या परवान्यावर इथे लुना बनू लागली, कारखाना नगरला. चाओ ज्यानं उघडून पाहिली आहे त्याला तिच्या आखणीचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. पत्र्याची दाबून केलेली चौकट, तिच्याच पोटात पेट्रोलची टाकी. 50 सीसीच्या आतलं आडवं इंजिन, ताकद दीड हॉर्सपॉवरच्या आसपास. इंजिनाकडून मागच्या चाकाकडे जाणारा पट्टा, आणि वेग वाढला की आपोआप पकडणारा सेंट्रिफ्युगल क्लच. गिअर नाही, क्लचचा दांडा नाही. शिवाय खऱ्याखुऱ्या सायकलीसारखी पेडलं. गाडी सुरू करायला पेडल, चढ आला तर मदतीला पेडल, आणि पेट्रोल संपलं तरी पेडल मारत घर गाठता यायचं. सगळी गाडी चाळीस किलोच्या आसपास. जिन्याच्या पायऱ्या चढवून ती वाड्याच्या चौकात नेऊन लावता येई.

यातला क्लच जरा नीट समजून घ्यावा, कारण लुनाचं सगळं मर्म त्यात आहे. इंजिन मंद फिरतं तेव्हा क्लचचे जोडे आत ओढलेले असतात, गाडी उभी राहते. मूठ पिळली की फिरण्याच्या जोरानं ते जोडे बाहेर फेकले जातात आणि ड्रमच्या आतल्या बाजूला घासत पकड घेतात. चालवणाऱ्यानं शिकायचं असं काही उरतच नाही. ज्याला सायकल येते त्याला लुना येते. त्या काळी स्कूटरचा गिअर डाव्या मुठीत फिरवावा लागे, आणि किक मारताना साडी सांभाळणं हे एक वेगळंच काम होतं. शाळेत शिकवणाऱ्या बाई, दवाखान्यातल्या परिचारिका, विमा एजंट, बँकेतले कारकून, दुधाचे कॅन नेणारे, असे सगळे एकाच गाडीवर आले ते या क्लचमुळे. कायद्यानंही हातभार लावला. बिनगिअरची 50 सीसीपर्यंतची गाडी सोळाव्या वर्षी चालवता येते, त्यामुळे अकरावीतल्या मुलामुलींना हक्काची गाडी हीच.

1973 च्या अखेरीस जगभर तेल भडकलं, आणि थेंब थेंब पिऊन चालणाऱ्या गाडीला जाहिरातीची फारशी गरज उरली नाही. तरी पुढे जाहिरातही अशी झाली की ती अजून तोंडात आहे. ‘चल मेरी लुना’ ही ओगिल्व्हीची मोहीम, पीयूष पांडे यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. हस्तीमल यांचे चिरंजीव अरुण फिरोदिया आयआयटी मुंबई आणि मग अमेरिकेत एमआयटीत शिकून परत आले होते, आणि कंपनीचा तांत्रिक कणा त्यांनी सांभाळला. भरभराटीच्या दिवसांत रोज दोन हजार लुना जायच्या असं कंपनी सांगते.

मग उतार कुठून लागला?

लोक एकच कारण सांगतात: मोपेडचा जमाना गेला. हे अर्धंच खरं आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशात विकल्या जाणाऱ्या दुचाकींत मोपेडचा वाटा साधारण चौथा हिस्सा होता. 2005 च्या सुमारास तो पाच-सहा टक्क्यांवर आला. घसरण मोठी आहे, नाही कोण म्हणतो. पण पाच-सहा टक्के म्हणजेसुद्धा वर्षाला तीन लाखांवर गाड्या होत्या, आणि त्या जवळजवळ सगळ्या एकट्या टीव्हीएसच्या खात्यात जात होत्या. आजही तमिळनाडूत, आंध्रात, आपल्याकडे सोलापूर-लातूरच्या बाजारात भाजीची पोती, गॅस सिलिंडर, कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन जाणारी टीव्हीएसची एक्सएल दिसते. ती मोपेडच आहे. तेव्हा मोपेड संपली म्हणून लुना संपली असं मी मानत नाही. मोपेडचं खरं गिऱ्हाईक होतं तिथंच राहिलं. लुना बनवणाऱ्यांची नजर त्याच्यावरून वर गेली, असं माझं मत आहे. कसं ते सांगतो.

तमिळनाडूतल्या होसूरहून, टीव्हीएसच्या गावाहून, 1980 साली टीव्हीएस 50 आली. दोन माणसांसाठी बनवलेली देशातली पहिली मोपेड म्हणून ती ओळखली जाते. दिसायला हा फरक एका सीटचा, पण गाडी बनवणाऱ्याला तो फार मोठा. लुना ज्या युरोपी गाडीवरून आली ती एका माणसानं कामावर जाऊन यायची गाडी होती. आपल्याकडे गाडीवर एकटा माणूस बसतच नाही. पुढे पोरगं, मागे बायको, हँडलला पिशवी. टीव्हीएसनं चौकट आणि मागचं चाक या ओझ्याच्या हिशेबानं धरलं आणि पुढची पंचेचाळीस वर्षं त्याच एका दिशेनं गाडी भक्कम करत नेली. आधी 50, मग 70 सीसीच्या घरातली एक्सएल सुपर, आणि 2015 मध्ये शंभराच्या घरातलं फोर-स्ट्रोक इंजिन असलेली एक्सएल 100. मांडणी बदलली नाही. दुकानदार बदलला नाही. कोपऱ्यावरचा मेकॅनिक डोळे मिटून ती खोलतो.

कायनेटिकनंही उत्तर दिलं. लुनाची टीएफआर आली, डबल प्लस आली, पुढे सुपर, मॅग्नम, विंग्स. डबल प्लस खरंच चांगली गाडी होती आणि ग्रामीण भागात ती खूप राबली. पण तोवर घराण्याचं चित्त दुसरीकडे लागलं होतं, आणि ते लागावं असंच काही घडलं होतं.

1984 मध्ये होंडाबरोबर भागीदारी झाली आणि मध्य प्रदेशात पिथमपूरला कायनेटिक होंडाचा कारखाना उभा राहिला. तिथे बनलेली डीएक्स स्कूटर म्हणजे त्या काळाच्या मानानं फार पुढची वस्तू. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, बटण दाबलं की सुरू, गिअर बदलायची भानगड नाही, आणि ऑइल वेगळ्या टाकीतून स्वतःच मिसळलं जाई, पंपावर मापानं ओतावं लागत नसे. ज्यांनी ती वापरली ते आजही तिच्याबद्दल हळवे होऊन बोलतात, आणि मी त्यांना दोष देणार नाही. ती हातात आली की जपानी कामातली सफाई कळते. पुण्या-मुंबईतल्या मध्यमवर्गानं ती डोक्यावर घेतली. ज्या घरात पहिली गाडी लुना होती त्या घरात दुसरी कायनेटिक होंडा आली. कंपनीच्या दृष्टीनं याहून समाधानाचं काय असणार? पण त्याच घटकेला लुना ही ‘पूर्वीची गाडी’ झाली.

इकडे बाजाराची दोन्ही टोकं सरकत होती. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. फोर-स्ट्रोक, लिटरला ऐंशीचा दावा. मोपेड घ्यायची ती पेट्रोल वाचतं म्हणून, आणि इथे शंभर सीसीची पूर्ण मोटरसायकल तेवढंच वाचवत होती, वर ऑइल मिसळायचं नाही, प्लग काळा होत नाही, घाटात मागचा माणूस उतरवावा लागत नाही. पुढे हप्त्यांवर गाड्या मिळू लागल्या तेव्हा रोख पैशानं लुना घेणारा तरुण हप्त्यानं मोटरसायकल घेऊ लागला. मुली आणि बायकांसाठी नव्वदच्या दशकात स्कूटी आली. लुनाला वरून मोटरसायकलनं दाबलं आणि बाजूनं स्कूटीनं. खालची बाजू तेवढी टीव्हीएसच्या मोपेडनं आधीच धरून ठेवलेली होती.

प्रदूषणाचे नियम हा पुढचा दणका. टू-स्ट्रोकचा दोष तिच्या जन्मातच आहे. पिस्टन खाली आला की ताजं मिश्रण आत येण्याची वाट आणि जळलेला धूर बाहेर जाण्याची वाट एकाच वेळी उघडी असतात. त्यामुळे आत येणाऱ्या पेट्रोलचा काही भाग न जळता थेट सायलेन्सरमधून निघून जातो. त्यात मिसळलेलं ऑइल, म्हणून निळा धूर. 1991 पासून नियम सुरू झाले, 1996 ला आवळले, आणि 1 एप्रिल 2000 पासून इतके कडक झाले की धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सायलेन्सरला लावणं किंवा इंजिनच बदलणं असे दोनच रस्ते उरले. ज्या गाडीचं सगळं बळ स्वस्ताईत आहे तिच्यावर हा खर्च सगळ्यात जड पडतो. पण हा नियम सगळ्यांनाच होता, टीव्हीएसलाही. त्यांनी त्या छोट्या इंजिनावर पैसा आणि माणसं लावली, कारण ती गाडी त्यांच्या पोटापाण्याची होती.

कायनेटिकला नेमकी त्याच वेळी दुसरीकडे झुंज द्यावी लागत होती. 1998 मध्ये होंडा भागीदारीतून बाहेर पडली आणि कायनेटिक होंडाची कायनेटिक मोटर झाली. 1999 मध्ये होंडानं स्वतःची वेगळी कंपनी काढली आणि 2001 मध्ये अ‍ॅक्टिव्हा बाजारात आणली. बिनगिअरची, बटणानं सुरू होणारी, फोर-स्ट्रोक. हे गिऱ्हाईक पंधरा वर्षं कायनेटिक होंडानंच घडवलेलं होतं. अ‍ॅक्टिव्हाला ते आयतं मिळालं.

पुढची सात-आठ वर्षं पाहताना मला खरोखर वाईट वाटतं, कारण प्रयत्नात कुठेही कसूर नव्हती. चॅलेंजर आणि बॉस या मोटरसायकली झाल्या. कोरियाच्या ह्योसंगबरोबर जीएफ आणि कॉमेट, अ‍ॅक्विला आल्या. इटलीच्या इटालजेटचे स्कूटरचे आराखडे विकत घेतले आणि त्यातून 165 सीसीची ब्लेझ काढली. स्वतःची नोव्हा, मग तैवानच्या एसवायएमच्या तंत्रावर फ्लाइट. यातली कॉमेट तर अडीचशे सीसीची व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची होती, आपल्या रस्त्यांवर तेव्हा तसं काही नव्हतंच. पण प्रत्येक गाडीचं इंजिन वेगळ्या देशातलं, केबल वेगळी, ब्रेकचे जोडे वेगळे. नवी गाडी गिऱ्हाइकाच्या मनात रुजायला आणि मेकॅनिकच्या हातात बसायला चार-पाच वर्षं लागतात. त्याआधीच पुढचं मॉडेल यायचं. सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानदारानं कुठल्या गाडीचा माल भरावा? दुचाकीचा धंदा शोरूमइतकाच पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानातल्या फळीवर उभा असतो. ज्या गाडीचा पिस्टन फळीवर सापडतो ती गाडी लोक दुसऱ्यांदा घेतात.

2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लुनाचं उत्पादन थांबलं. 2008 मध्ये महिंद्रानं कायनेटिक मोटरचा दुचाकी व्यवसाय सुमारे 110 कोटींच्या व्यवहारात घेतला, फिरोदियांकडे नव्या कंपनीत थोडा वाटा राहिला. कंपनी बुडाली असं मात्र म्हणू नये. कायनेटिक इंजिनिअरिंग आजही नगरला गिअर, शाफ्ट असे वाहनांचे भाग बनवते. तिथल्या कामगारांच्या हातातली कला टिकली, हे माझ्या लेखी फार मोलाचं आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये फिरोदिया घराण्यातल्याच कायनेटिक ग्रीननं विजेवरची ई-लुना आणली. नितीन गडकरींच्या हस्ते ती निघाली, सुरुवातीची किंमत 69,990 रुपये, 2 किलोवॅट-तासांची बॅटरी, एका चार्जमध्ये 110 किलोमीटरचा दावा, वेग ताशी पन्नासपर्यंत. मी तिच्याकडे पाहिलं ते पुढच्या मोकळ्या फळीकडे आणि मागची सीट काढून माल लादता येण्याच्या सोयीकडे. हेच ते गिऱ्हाईक, जे 1980 नंतर हळूहळू होसूरकडे गेलं होतं. यावेळी त्याचा विचार आधी झालेला दिसतो आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

आता पडवीतल्या गाडीकडे येऊ.

पहिली गोष्ट, पेडल मारून पाहू नकोस. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे पिस्टन फिरतो त्या नळकांड्याच्या भिंतीला चिकटलेल्या असतात. प्लग काढ, त्या भोकातून दोन-तीन चमचे टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल सोड, एक रात्र जाऊ दे, मग हातानं हलकेच फिरव. अडलं तर जोर लावायचा नाही, हेड उघडायचं. जुनं पेट्रोल टाकीत सुकून लाखेसारखं झालेलं असेल. टाकी आणि कार्बोरेटर धुतल्याशिवाय नवं पेट्रोल ओतू नकोस. कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, तार घालायची नाही. एवढ्या बारीक भोकात तारेचा चरा पडला तरी मिश्रणाचा हिशेब कायमचा चुकतो. हवा मारायची किंवा क्लीनरमध्ये बुडवून ठेवायचं.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते क्रँकच्या ऑइल सीलमध्ये. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद डब्यात येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. सील सुकले की तिथून फुकटची हवा आत ओढली जाते. गाडी सुरू तर होते, उलट सुरुवातीला जरा जास्तच तिखट पळते, मूठ सोडली तरी आवाज उतरत नाही. मालक खूश होतो आणि पंधरा-वीस किलोमीटरवर पिस्टन जाम होतो, कारण हवा जास्त आणि ऑइल मिसळलेलं पेट्रोल कमी. सील स्वस्त आहेत, पिस्टन आणि बोअर नाहीत. इंजिन उघडलंच आहे तर दोन्ही सील बदल, जुने चांगले दिसत असले तरी.

बॅरल काढला की धुराच्या वाटेत साचलेला काळा थर दिसेल. तो लाकडाच्या तासलेल्या काडीनं खरवड, स्क्रू-ड्रायव्हरनं नाही. सायलेन्सरही आतून तसाच भरलेला असतो. ‘गाडी दम धरत नाही’ अशी तक्रार असलेल्या निम्म्या मोपेड एवढ्या साफसफाईनं सुधारतात. प्लगला ठिणगी देणाऱ्या पॉइंटची फट साधारण 0.4 मिलिमीटर ठेव, वर-खाली जळलेले असतील तर घासत बसण्यापेक्षा नवे टाक. ऑइलचं प्रमाण गाडीच्या पुस्तकात असेल तेच ठेव. पुस्तक नसेल तर दोन टक्के, म्हणजे लिटरला 20 मिली. नवे पिस्टन-रिंग टाकले असतील तर सुरुवातीला थोडं जास्त. आणि आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, जुन्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे रबरी भाग आजच्या पेट्रोलला चालणारे घाल, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेव.

रंग मात्र सगळ्यात शेवटी. लोक आधी चकचकीत रंग देतात आणि मग इंजिन चार वेळा काढताना तो खरवडला जातो. मूळ रंग थोडा जरी शिल्लक असेल तर मी म्हणेन तो ठेवच.

कागदांचं आत्ताच पाहून घे. आरसी आजोबांच्या नावावर असेल तर वारस म्हणून नाव चढवून घ्यावं लागेल, आणि नोंदणीची मुदत संपलेली असणार, तिचं नूतनीकरण आरटीओत. चेसिस आणि इंजिनावरचे आकडे आरसीशी जुळतात का ते घासकाम आणि रंगकामाच्या आधी ताडून फोटो काढून ठेव, कारण सँडब्लास्टिंगमध्ये पुसट आकडे कायमचे जातात. गाडी पहिल्या काही वर्षांतली असेल, म्हणजे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झाली असतील, तर 2021 च्या नियमांप्रमाणे तिला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर घेता येतो. अट अशी की चौकट, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, आणि असा नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यासाठीच. तुला रोज दूध आणायला ती हवी असेल तर साधंच नूतनीकरण कर. आणि ती खरंच सत्तरच्या दशकातली निघाली, तर त्यात दुसऱ्या मोपेडचं इंजिन बसवून द्यायला निघालेल्या माणसाच्या हातात ती देऊ नकोस.